एका लॅटिन विशेषणाची धास्ती

लग्नाच्या पंगतीत मला हटकून कोणीतरी विचारतं, "देवळाच्या ऑफिसात क्लार्कला काम तरी काय असतं हो?" घंटा वाजवायला माणूस वेगळा, मेणबत्त्या लावायला वेगळा, मिस्सेची उपासना करायला फादर. मग खुर्चीत बसून तुम्ही करता काय? पूर्वी मला राग यायचा. हल्ली सरळ सांगतो, "मी धास्ती घेतो." लोक हसतात. हसू देत. वसईतल्या एका जुन्या देवळात (आमच्याकडं चर्चला देऊळच म्हणतात) बहात्तर साली मी चिकटलो, आणि निवृत्त होईपर्यंत पगार घेऊन धास्तीच घेतली. देवळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, न ओळखलं तर बरंच.

ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं. त्याची किल्ली माझ्या कमरेला. कपाटात वह्या: बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, मरणाच्या. त्यातली बाप्तिस्म्याची वही म्हणजे सगळ्या गावाची आई. कोण कधी जन्मला, कोणाच्या पोटी, कोणी त्याला देवळात आणलं, सगळं तिच्यात. त्या काळात सरकारी जन्मदाखला फार थोड्यांकडे असायचा. नोकरी, पासपोर्ट, आखातात जायचं, सगळ्याला आमचा दाखला लागायचा. मी कपाटाला कुलूप लावून फाटकापर्यंत जायचो, तिथून परत येऊन कुलूप ओढून बघायचो. मग घरी जायचो. बायको म्हणायची, "तुमची शवपेटीसुद्धा तुम्हीच उठून तपासाल, झाकण नीट बसलंय का म्हणून."

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गृहस्थ रिटायर व्हायला वर्ष राहिलं असताना आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "सायमनभाऊ, मी दोन वर्षं उशिरा जन्मलो असतो तर बरं झालं असतं. बघा ना, काही जमतंय का." मी म्हटलं, "हे तुमच्या आईला सांगायचं होतं, मला सांगून काय उपयोग?" ते रुसले ते रुसलेच, पुढं रस्त्यात दिसले तरी तोंड फिरवायचे.

या धंद्याचा नियम एकच. वहीत खोडायचं नाही. अक्षर चुकलं, नाव चुकलं, जग बुडालं, तरी मूळ ओळीला हात लावायचा नाही. पानाच्या डाव्या बाजूला रुंद कोरी जागा सोडलेली असते. जे काही सांगायचं ते बिशपांच्या ऑफिसची परवानगी आणून त्या कोऱ्या जागेत लिहायचं. माणसाचं लग्न झालं की त्याचीही नोंद तिथंच येते, कुठल्याही गावाहून आली तरी.

आता लॅटिनचं सांगतो. आमच्या जुन्या नोंदी लॅटिनमध्ये होत्या, आणि मी मराठी शाळेतला मॅट्रिक. पहिले सहा महिने मी ती पानं म्हशीनं पोथीकडं बघावं तशी बघत होतो. शेवटी तेव्हाच्या मोठ्या फादरांना माझी कीव आली. चार वाजता चहा झाला की ते मला समोर बसवून शिकवायचे. पहिलं विशेषण त्यांनी शिकवलं ते लेजितिमुस. म्हणजे औरस, लग्नाच्या आईबापांचा.

"हा शब्द आला कुठून, ते आधी समजून घे," फादर म्हणाले. "मारे म्हणजे समुद्र. समुद्राला लागून जे असेल ते मारितिमुस. फिनिस म्हणजे हद्द. हद्दीला हद्द लागलेला तो फिनितिमुस. तुझ्या वाडीच्या बांधाला लागून कोणाची वाडी?"

"इनासमास्तरांची."

"मग इनासमास्तर तुझा फिनितिमुस. आता लेक्स म्हणजे कायदा. कायद्याला लागून असेल तो लेजितिमुस. कळलं?"

चांगलंच कळलं. इनासमास्तर प्राथमिक शाळेत शिक्षक, आणि आमचा त्यांच्याशी दोन हात बांधावरून वाद चालू होता. मराठीत चांगला, चांगली, चांगलं होतं, तसंच तिकडं: मुलगा लेजितिमुस, मुलगी लेजितिमा, आणि दोन्ही नसेल ते लेजितिमुम. पण वहीतली नोंद "मी बाप्तिस्मा दिला" अशी सुरू व्हायची. मग प्रश्न आला, कोणाला? की लगेच शब्दाचं शेपूट बदललं. मुलाला लेजितिमुम, मुलीला लेजितिमाम. दाखला लिहिताना ते शेपूट पुन्हा सरळ करायचं. नवशिके इथंच आपटायचे. मी नाही आपटलो. महिन्याभरात माझं शेपूट कधी चुकेना.

दुसरा शब्द नातुरालिस. आईबापांच्या लग्नाचा पुरावा फादरांना मिळाला नाही, तर लेजितिमुसच्या जागी हा पडायचा. हा शब्द मुलगा आणि मुलगी असा भेद करतच नाही. दोघंही नातुरालिस. कोणाला म्हटलं, तर दोघांनाही नातुरालेम. शिकताना मला हा फार आवडला. एक शब्द पाठ केला की दोघांचं काम भागतं! तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, एवढंच म्हणतो.

चौऱ्याहत्तर साली पास्कोल आला. मॅट्रिक झालेला, सायकलवरून घामाघूम. राहायला चार गावं सोडून पलीकडं, पण आईचं माहेर आमच्या गावात आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून त्याचा बाप्तिस्मा आमच्या देवळात. बाप बोटीवर खलाशी होता, तो पास्कोल दहा वर्षांचा असताना वारला. आई रोजाबाय विड्याच्या पानांची वाडी करून दोन पोरं वाढवत होती.

"मला फादर व्हायचंय," पास्कोल म्हणाला. "सेमिनरीला बाप्तिस्म्याचा पूर्ण दाखला पाहिजे. लॅटिनमध्ये. बंद पाकिटातून थेट पाठवायचा, मला बघायचा नाही, असं सांगितलंय."

लॅटिनमध्ये पूर्ण दाखला! वर्षातून एखादाच यायचा. मी नवं निब लावलं. पास्कोलचं पान काढलं. नोंदीत होतं नातुरालेम. मी बरोबर ओळखलं की दाखल्यात ते नातुरालिस व्हायला हवं, आणि सुंदर वळणदार अक्षरात तसं लिहिलं. फादरांना त्या दिवशी ताप होता. त्यांनी अंथरुणावरच सही केली, वाचलं नाही. म्हणाले, "तुझ्या हातचं आहे ना? मग झालं." मी फुगून पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं. मी फाटकापासून परत येऊन कुलूप ओढून बघणारा माणूस. पण त्या शब्दाकडं बघून एकदासुद्धा माझ्या मनात आलं नाही की हा शब्द कोणाबद्दल आहे.

दीड महिन्यानं पास्कोल परत आला. सायकल फाटकाशी ठेवून दारातच उभा राहिला.

"सेमिनरीतून पत्र आलं. घेता येत नाही, एवढंच लिहिलंय. सायमनभाऊ, त्या दाखल्यात काही चुकलं नव्हतं ना?"

मला तो अपमान वाटला. "माझ्या हातून लॅटिन चुकत नाही," मी म्हणालो.

"तसं नाय ओ. सहज विचारलं," तो म्हणाला आणि गेला. पुढं विरारला एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला, असं ऐकलं. मला वाटलं, बरं झालं, पगार तरी मिळेल.

नऊ वर्षं गेली. मोठे फादर बदलले, माझे केस पिकायला लागले, आणि हळूहळू अक्कलही आली. एकदा कोणाच्या तरी पत्रव्यवहारात वाचलं की सेमिनरीत घेताना मुलगा औरस आहे का, ते बघतात. नसेल तर वरून खास परवानगी लागते. वाचलं आणि ठेवून दिलं. पास्कोल तेव्हाही आठवला नाही. नऊ वर्षांत शेकडो दाखले लिहिले होते, कोणाकोणाचं लक्षात ठेवणार?

त्र्याऐंशीच्या जानेवारीत तो ऑफिसच्या दारात पुन्हा उभा राहिला. खांद्यानं भरलेला, हाताला ग्रीसचे डाग, चेहऱ्यावर हसू. "लग्न ठरलंय, सायमनभाऊ. तुमच्या शेजारचीच पोरगी. इनासमास्तरांची."

माझ्या फिनितिमुसचीच पोरगी! मी त्याच्याशी हात मिळवला. पुढच्याच रविवारी देवळात लग्नाची घोषणाही झाली. आमच्या देवळाची पद्धत अशी, की लग्नाच्या आठवडाभर आधी शनिवारी दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना ऑफिसात बसवायचं आणि नवरा-नवरीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी मूळ वहीतून मोठ्यानं वाचून दाखवायच्या. नावात घोटाळा नको म्हणून. सोमवारी मी शनिवारची तयारी करायला पास्कोलचं पान काढलं.

नातुरालेम.

मी खुर्चीत बसलो तो उठेचना. आधी शनिवार डोळ्यांपुढं आला. इनासमास्तर तरुणपणी लॅटिन मिस्सेत फादरांच्या हाताखाली सेवक होते, त्यांना लॅटिन येत होतं आणि येतं हे दाखवायलाही आवडायचं. ते चष्मा लावून वहीत डोकावणार. रोजाबाय समोर बसलेली असणार. चाळिशीच्या आत विधवा झालेली बाई, सगळ्या गावात जिच्याबद्दल वावगा शब्द नाही, आणि तिच्यासमोर, व्याह्यांसमोर, फादर तो शब्द वाचणार.

आणि मग दुसरं आठवलं. नवं निब. वळणदार अक्षर. माझ्या हातून लॅटिन चुकत नाही.

त्या दिवशी मी जेवलो नाही. ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसलो, जणू वाचून ती बदलणार होती. शब्द खरा असला तर? रोजाबायचं लग्नच झालं नसलं तर? खरं असलं तर मी काहीच करू शकत नव्हतो. खोटं असलं तर नऊ वर्षांपूर्वी करायला हवं होतं. दोन्हीकडून मीच मेलो होतो. आमच्या लग्नाच्या वह्या उलटसुलट पाहिल्या. पास्कोलच्या जन्माआधीच्या पाच वर्षांत रोजाबायचं नाव कुठंच नाही.

मंगळवारी एसटीनं गेलो. आगाशीच्या बाजारात गाडी बदलायची होती. तिथं तासभर उभा होतो आणि एक वाक्य जुळवत होतो. दोन मोठी पोरं असलेल्या बाईला, बाई, तुमचं लग्न झालं होतं का, हे विचारायचं कसं? जुळलं नाही. तसाच गेलो.

रोजाबाय ओटीवर पानांच्या चवडी लावत होती. मला बघून तोंडभर हसली. "या सायमनभाव. लग्नाच्या घरी रिकाम्या हातानं कोन येतं काय?"

मी पाणी प्यालो. मग म्हटलं, "बाय, एक नोंद करायचीय. तुमचं लग्न... म्हणजे कुठल्या देवळात..."

तिचा हात पानांवरच थांबला. "झालता का, असं इचारता?"

मी मान खाली घातली.

"दोघां भावांचा एकाच मांडवात झाला लगीन," ती म्हणाली, आवाज चढवून. "मोठ्या दिराचा आनि आमचा. खर्च वाचवाया. म्हनून माज्या माहेरी नाय, हितं, ह्यांच्या देवलात. सगला गाव जेवला. इचारा जाऊन कोनालाबी!"

मी सुटकेचा श्वास टाकला तो तिनं ऐकला. मग तिचा आवाज खाली आला. "पास्कू झाला तवा मी आयकडे. चालीस दिस मी घराभायेर नाय, ह्यांची बोट लांब गेलेली. आयनं पोराला देवलात नेला. फादर नवीन. बोलले, लग्नाचा कागद आना. आय घरी येऊन बोलली. मी बोलली, ह्यांची बोट येऊंदे, मग आनू." तिनं एक पान उचललं, पुसलं, चवडीवर ठेवलं. "बोट आली. ते आमाला हितं घेऊन आले. मग राहून गेला."

हे आमच्याच लोकांच्या बाबतीत होऊ शकतं. पहिलटकरीण माहेरी, बाप बोटीवर, आई चाळीस दिवस ओटी उतरत नाही, आणि पोराचा बाप्तिस्मा मात्र आठवड्यात झालाच पाहिजे, नाहीतर आजीला झोप लागत नाही. आजीकडं कागद कुठला असणार? आणि ती लॅटिन ओळ कोणाला वाचता येणार होती? कागद आणून दाखवला असता तर फादरांनी बाजूला दोन शब्द लिहिले असते. नाही दाखवला, म्हणून ओळ होती तशीच राहिली.

"का सायमनभाव, वहीत काय लिवलाय?" तिनं विचारलं.

"काही नाही. लग्नाचं गाव राहिलंय लिहायचं. एवढंच."

ती माझ्याकडं बघत राहिली. "पास्कू सेमिनरीत जानार होता, तवा कागद ह्याच वहीतून गेलता?"

"तो कागद वेगळा असतो, बाय," मी म्हणालो. आयुष्यात इतकं सफाईनं मी कधी खोटं बोललो नव्हतो, असं मला तेव्हा वाटलं.

तिथल्या देवळाच्या क्लार्कनं वही काढली. दोघा भावांची लग्नं एकाखाली एक, पास्कोलच्या जन्माच्या दीड वर्ष आधीची. सही-शिक्क्याची नक्कल घेतली आणि खिशात ठेवली. बसमध्ये दर स्टॉपला खिसा चाचपत होतो. बुधवारी ती घेऊन बिशपांच्या ऑफिसात गेलो. सही करणारे साहेब बाहेरगावी. गुरुवारी गेलो. उद्या या. शुक्रवारी सकाळी आठपासून तिथल्या बाकावर बसलो. शिपाई दोनदा पाणी देऊन गेला. बारा वाजता परवानगीचं पत्र हातात पडलं. दुपारी आमच्या मोठ्या फादरांनी वहीच्या कोऱ्या जागेत आईबापांच्या लग्नाची तारीख आणि गाव लिहून पुढं शब्द लिहिला, लेजितिमुस. मूळ ओळीला हात लावला नाही. मी टीपकागद दाबला.

शनिवारी ऑफिसात पाच खुर्च्या मांडल्या. फादरांनी आधी नवरीची नोंद वाचली, मग पास्कोलची. मूळ ओळीत त्यांनी नावं आणि तारीख वाचली, आणि एका दमात बाजूच्या नोंदीवर आले. इनासमास्तर पुढं झुकले. चष्मा सारखा केला.

"फादर, ही बाजूची शाई ताजी दिसते."

रोजाबाय स्वतःच्या हातांकडं बघत होती.

"लग्नाची नोंद दुसऱ्या गावची," मी कसाबसा म्हणालो. "उशिरा आली."

मास्तरांची नजर मूळ ओळीवर गेली. त्या शब्दावर ती थांबली, मी बघितलं. त्यांना तो वाचता आला होता, यात शंका नाही. मग त्यांनी रोजाबायकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

"दुसऱ्या गावची म्हणजे उशीर व्हायचाच," ते म्हणाले. "वाचा फादर पुढं. आम्हाला मांडववाल्याकडं जायचंय."

त्या दोन हात बांधाचा वाद मी त्या क्षणी सोडला. घरी जाऊन वडिलांना तसं सांगितलं, त्यांनी मला वेड्यात काढलं, तो भाग वेगळा.

सगळे बाहेर पडले. पास्कोल मागं राहिला. मी वही मिटणार तेवढ्यात त्यानं पानावर हात ठेवला. तोही लहानपणी सेवक होता, फादर व्हायचं म्हणून थोडं लॅटिन शिकला होता. मूळ ओळ वाचली. मग बाजूची नोंद वाचली, खालची कालची तारीख वाचली.

"माझा तेव्हाचा कागद ह्या ओळीवरून लिहिलेला ना?"

"हो."

"मी तुम्हाला विचारायला आलो होतो."

"आला होतास. आणि मी म्हणालो..."

"माझ्या हातून लॅटिन चुकत नाही." तो किंचित हसला. "नव्हतंच चुकलं."

त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी त्याचा हात धरला, सोडला, पुन्हा धरला. मला रडू आलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही. तो म्हणाला, "सायमनभाऊ, आईला कळता कामा नये. तिला वाटेल, तिच्यामुळं झालं."

मी शब्द दिला. पुढं चर्चनं तो नियमच काढून टाकला, तेही मी रोजाबायला कधी सांगितलं नाही, न जाणो विषय निघेल म्हणून. दर नाताळला ती स्टीलच्या डब्यात गोडधोड पाठवायची, "वहीतला काम केलात" म्हणून. धुऊन, रिकामा नको म्हणून त्यात चार केळी घालून मी तो परत पाठवायचो. असा तो डबा कितीतरी वर्षं ये-जा करत राहिला.

गेल्या पावसाळ्यात रोजाबाय गेली. पास्कोलला दिलेल्या शब्दातून सुटलो, असं समजून मी त्याला विचारलं, हे सगळं या नाताळच्या विशेषांकासाठी लिहू का? तो दोन नातवंडांचा आजा झालाय आता.

"लिहा," तो म्हणाला. "आईला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तुम्ही ओटीवर येऊन गेलात ना, त्याच दिवसापासून. बोलली, सायमनभावला खोटं बोलता येत नाय. माझ्या लग्नानंतर मला जवळ बसवून म्हणाली, पास्कू, कागद माझ्याकडून राहिला, मला माफ कर. आणि सायमनभावला सांगू नको की मला माहीत आहे. त्याला वाटेल, त्याच्यामुळं झालं."

पास्कोल गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन फळीवर बघितलं. तिचा डबा तिथंच आहे, मागच्या नाताळचा. धुतलेला आहे. परत द्यायचा राहून गेला.